मूळ

राय गावात, कायतान बार्रेतच्या शेडमध्ये,
माडाच्या चार ओंडक्यांवर
माझी एमजी चौदा महिने बसून होती.
एक चाक आडवं पडलेलं,
त्याच्या तारांत कोंबडीनं अंडं घातलेलं.

मडगावात माझा दवाखाना. सोमवार ते शनिवार
मी लोकांच्या तोंडात वाकून बघते.
रविवारी इथे येऊन हिच्या तोंडात.
बॉनेट उघडलं की जुने उपचार दिसतात:
कुणी तार गुंडाळलेली, कुणी एम-सील भरलेलं,
कुणी डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपची चीर
नेलपॉलिशनं बुजवलेली.
"कुणी केलंय हे काम?"
पेशंटला विचारते त्याच आवाजात मी विचारलं.
कायतान म्हणाला, "हांवेंच, बाये. ब्याण्णव साली."

अठ्ठावन्नची गाडी. मुरगावच्या धक्क्यावर
क्रेननं उतरलेली, खाणवाल्या कुणा घरातल्या
धाकट्या मुलासाठी. त्यानं ती कोलव्याला इतकी पळवली
की दारांच्या पोटातून अजून वाळू निघते.
मी घेतली तेव्हा भावानं हिशेब मांडला,
एवढ्यात फोंड्याला दोन खोल्या आल्या असत्या.
आल्या असत्या.
पण दोन खोल्यांना चढावर असा घसा फुटत नाही,
दोन खोल्यांत बसून
शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट मोजता येत नाहीत.

मग सुरू झालं सुधारणं.
पुढे डिस्क ब्रेक, कारण म्हशींना हॉर्न कळत नाही.
डायनामो जाऊन अल्टरनेटर,
कारण दिवे लागले की वायपर रुसायचा.
पॉइंट्सच्या जागी एक काळी डबी,
बोटाएवढी, मुकाट ठिणगी देणारी.
दर वेळी मी म्हटलं, हे शेवटचं.
दर वेळी बर्मिंगहॅमहून आणखी एक खोकं आलं.
कस्टमवाल्यानं विचारलं, "डॉक्टर, हे दाताचं यंत्र?"
मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही.

काहीजण सांगतात, मूळ स्क्रूसुद्धा बदलू नका.
आमच्याकडे मूळ म्हणजे हिरडीखालचं,
जे कुणाला दिसत नाही,
ज्याच्यासाठी तासभर मान मोडून वाकायचं.
वर काय बसवायचं ते नंतर बघू,
पोर्सिलेन, धातू, परवडेल ते.
धरून आहे का, एवढंच मी पाहते. हलवून.
हिची चासी हलवून पाहिली.
धरून आहे.

राहिली होती गिअरपेटी.
दुसरा टाकताना करकरायची,
झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखी.
क्लच दाबा, न्यूट्रल, सोडा,
ॲक्सिलरेटरला एक टिचकी,
पुन्हा क्लच, आणि मग हळूच.
बारा वर्षं मी तिची अशी समजूत काढली.
कायताननं पेटी खोलून गिअर माझ्या तळहातावर ठेवला.
दाते झिजून गोल,
सुपारी खाऊन म्हातारी झालेल्या बाईच्या दाढांसारखे.
"काडूंक जाय, बाये."
हेच वाक्य मी रोज कुणाला तरी सांगते,
कोकणीत, मराठीत,
आणि खुर्चीतला माणूस गप्प होऊन छताकडे बघतो.
शेडच्या छताला तीन ठिकाणी भोकं आहेत.

नवी पेटी पाच गिअरांची, कुठल्याशा जपानी गाडीची.
परवा बोरीच्या पुलावर पाचवा टाकला.
इंजिनाचा आवाज खाली बसला
आणि झुआरीवरचा वारा पहिल्यांदा ऐकू आला.
दुसराही आता न विनवता पडतो.

जुना गिअर दवाखान्यात आहे,
टेबलाच्या खणात, कापसावर.
आणि मी बघते, चढ आला की
डावा पाय अजून दोनदा क्लच दाबतो.
एकदा या पेटीसाठी.
एकदा, दात काढून किती दिवस झाले तरी
जीभ जाते त्या जागी.